याबानीचा दहावा नंबर

कोल्हापूरला परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "बाई, सोनं किती आणलं?" सोनंबिनं काही नाही. खजुराचे दोन डबे, एक जाडजूड ब्लँकेट आणि छातीतली धडधड एवढंच घेऊन आले. ब्लँकेट भावजयीनं बळजबरीनं दिलं. धडधडीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण दुबईला जाऊन आलेल्यांनी उंच इमारतींचं पुष्कळ सांगितलंय, भीतीचं कुणी सांगत नाही.

मी सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेतली प्रमाणपत्रं, संमेलनाचे फलक, साहेब आले की दारातलं स्वागत, सगळं माझ्या हातचं. माझ्या अक्षराला साऱ्या तालुक्यात नाव आहे. मराठी असो की इंग्रजी, एक वेलांटी इकडची तिकडं व्हायची नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं याच अक्षरानं माझी पाचावर धारण बसवली.

विमानात

धाकटा भाऊ सदा आमच्या पेठेच्या संघात गोलकीपर होता. गुडघा गेला, खेळ सुटला आणि तो आखातात एका फुटबॉल क्लबात कामाला लागला. खेळाडूंचे कपडे, बूट, चेंडू सांभाळायचं काम. त्याची बायको मंगल तिथंच दवाखान्यात नर्स. यंदा, नव्व्याण्णवच्या मेच्या सुट्टीत त्यानं मला बोलावून घेतलं. क्लबाचं नाव मी लिहिणार नाही. अजून आपली माणसं तिथं पोट भरतायत.

सदासाठी पिशवीत कांदा-लसूण चटणी घेतली होती आणि पांढऱ्या रश्श्यासाठी पाव किलो खसखस. शेजारी वसईची एक बाई बसली होती, अबुधाबीला हॉटेलात कामाला. गप्पांच्या ओघात मी खसखशीचं बोलले आणि तिचा हातातला घास हातातच राहिला.

"खसखस? अगो बाय, वेडी झाली का तू? तिकडं ती चालत नाय, अफूत धरतात. सापडली तर सरळ जेल!"

तशीच उठले, विमानाच्या संडासात गेले आणि पाव किलो खसखस ओतली. पुडकं धुतलं, हात धुतले, नखं धुतली. बाहेर चारजण रांगेत उभे होते, त्यांच्याकडं बघायचीही हिंमत झाली नाही. तरी एखादा दाणा पिशवीच्या शिवणीत राहिला असला तर, हा विचार काही केल्या जाईना. उतरल्यावर एका अधिकाऱ्यानं नेमकी तीच पिशवी उघडली. चटणीची बरणी काढून वास घेतला, एकापाठोपाठ तीन शिंका दिल्या आणि डोळे पुसत, हातानंच जा जा करत म्हणाला, "यल्ला, यल्ला!" मी कशी बाहेर पडले मला ठाऊक नाही.

गाडीत हे सगळं सांगितलं तर सदा हसला नाही. म्हणाला, "आक्का, इथं एकच ध्यानात ठेव. आपलं काम बरं, आपण बरं. आपलं नाव कुणाच्या तोंडी येता कामा नये."

शारजा

मंगलला दवाखान्यानं दिलेलं घर शारजात होतं, दोन खोल्यांचं. दहा वर्षांची पिंकी माझ्याशी मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत बोलायची. खिडकीतून औद्योगिक भाग दिसायचा. गॅरेजं, पत्र्याच्या शेड, आणि त्यांच्यामागं कामगारांचे कॅम्प. एकेका खोलीत दहा-बारा माणसं, लोखंडी पलंगावर पलंग. पहाटे बस भरून जायच्या, संध्याकाळी भरून यायच्या.

पहिल्याच शुक्रवारी आम्ही मॅच बघायला गेलो. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय असतो ते सांगायला नको. आमच्याकडं पेठेची मॅच असली की अख्खं गाव गच्च्यांवर. इथं हिरवंगार गवत, पांढऱ्या कंदुऱ्यातली, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातली माणसं छपराखालच्या खुर्च्यांवर आणि समोरच्या बाजूला, उघड्यावर, ऐन उन्हात आपली माणसं. तिकडं तिकीट नव्हतं. शुक्रवारची सुट्टी मिळाली की कॅम्पमधले लोक डोक्याला रुमाल बांधून तिथं येऊन बसायचे.

सदाच्या क्लबात एक जपानी खेळाडू होता, सोळा नंबरचा. अरबीत जपान्याला याबानी म्हणतात, म्हणून सगळे त्याला याबानीच म्हणत. अंगानं किडकिडीत, पण पळायचा किती! मैदानात शिरताना तो थांबला आणि मैदानापुढं कमरेत वाकला. आमची पोरं मातीला हात लावून कपाळाला लावतात, तेच हे.

मॅच हरले. बाकीचे खेळाडू तोंड फिरवून आत गेले. याबानी मात्र एकटाच मैदान ओलांडून उन्हाच्या बाजूला गेला, आपल्या माणसांपुढं उभा राहिला आणि पुन्हा तसाच वाकला. छपराखाली कुणीतरी मोठ्यानं हसलं. उन्हात कुणीच हसलं नाही. सगळे उठून उभे राहिले होते.

"दर मॅचला करतो," सदा म्हणाला. "आणि मोजे सुलटे करून देतो, आक्का. बाकीचे घामाचे बोळे फेकतात. हा एकटा सुलटे करून, घडी घालून देतो."

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. खसखशीविना पांढरा रस्सा मी काजूवर भागवला होता. त्यानं वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाला लावली आणि एका दमात संपवून पुढं केली. मी पुन्हा भरली. पाच वाट्या प्याला. तांबड्याचा एक घोट घेतला तेव्हा मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी "गुड, गुड" म्हणत राहिला. गुणी पोर. माझ्या थोरल्याच्या वयाचं.

तो गेल्यावर सदाचं तोंड उतरलं. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तिथल्या एका खेळाच्या साप्ताहिकात दर बुधवारी लोकप्रिय परदेशी खेळाडूंची यादी यायची, पहिला ते दहावा. वाचकांनी कुपन कापून मत पाठवायचं. याबानी कायम दहावा. गोल मारणाऱ्यांना मतं पडतात, पळणाऱ्याला कोण देतं? क्लबाच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, ती यादी भिंतीवर चिकटवून सांगितलं होतं, मोसम संपताना दहावा असलेला माणूस मी ठेवणार नाही. मोसमाचे शेवटचे दोन आठवडे राहिले होते.

"उन्हातली माणसं मत देत नाहीत?" मी विचारलं.

"त्यांना कुठलं आलंय लिहायला? इंग्रजीत नाव, पोस्ट बॉक्स, सगळं भरायला लागतं."

मी म्हणाले, "मग मी कशाला आहे?"

कपडे धुण्याची खोली

कॅम्पसमोरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, न खपलेल्या अंकांचा ढीग होता. अंक दोन दिरहमचा. "म्हणजे चोवीस रुपये!" मी ओरडलेच. पण दुकानदार मल्याळी, तोही फुटबॉलवेडा. त्यानं कुपनं फुकट कापून दिली. दोन संध्याकाळी मी मैदानामागच्या धुण्याच्या खोलीत टेबल टाकून बसले. मशीन घरघरत होतं आणि माणसं एकेक करून येत होती.

पहिला आला तो भिकू. राजापूरकडचा सुतार, डाव्या हाताचा अंगठा अर्धा.

"बाई, मत दिल्यानं काय व्हणार नाय ना?" त्यानं दारातूनच विचारलं.

"काय होणार? बसा. पूर्ण नाव सांगा."

"तेवढंच नको वाटतं. नाव."

"अहो, नावाशिवाय मत कसं होईल?"

भिकू आत येऊन टेबलासमोर बसला. मग म्हणाला, "बाई, आजवर आम्हीच सगळ्यांपुढं वाकलो. आमच्यापुढं वाकलेला माणूस हा एकच बघितला. लिवा." आणि त्यानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

पत्ता विचारला तर सगळ्यांचा एकच, कंपनीचा पोस्ट बॉक्स. घराला पत्ता नसतोच तिकडं. मी एकाखाली एक तोच आकडा लिहीत गेले, ठसठशीत, वळणदार. सह्या त्यांच्या त्यांनी केल्या. सही न येणाऱ्यांचे अंगठे घेतले. प्रत्येकाशी दोन शब्द बोलले, गाव विचारलं, पोरंबाळं विचारली. सव्वीस वर्षं पट भरतेय मी, नाव लिहिलं की माणूस डोक्यात बसतो. एकशे अठरा कुपनं झाली. सदानं ती क्लबाच्याच छापील पाकिटात घालून पोस्टात टाकली. बाहेरचं पाकीट कशाला विकत घ्या, म्हणाला.

दोघं भाऊबहीण शहाणे!

बर दुबई

पुढच्या गुरुवारी मंगलला सुट्टी होती म्हणून आम्ही बर दुबईला गेलो. देवळाच्या बोळात हार, उदबत्त्या, नारळ. आपल्याच गावात आल्यासारखं वाटलं. मीना बाजारात साड्या बघितल्या, घेतली एकही नाही. मग खाडीतून पलीकडं जायला अब्रात, म्हणजे लाकडी होडक्यात बसलो. पिंकीनं नवा अंक उघडला आणि किंचाळली, "आत्या! ही इज नंबर थ्री!"

दहाव्यावरून तिसरा! सदानं भर होडक्यात शिट्टी मारली. शेजारचा पठाण दचकून सरकला. मला तर वाटलं, आत्ताच्या आत्ता पेढे वाटावेत. तेवढ्यात सदाचा मोबाइल वाजला.

तो नुसता ऐकत होता. "जी. जी, मुदीर. जी." चेहरा पांढराफटक पडला. फोन बंद करून त्यानं सांगितलं.

साप्ताहिकवाल्यांनी क्लबाला कळवलं होतं. एकशे अठरा कुपनं एकाच अक्षरातली, एकाच पोस्ट बॉक्सची, आणि वर क्लबाच्या पाकिटातून आलेली. हा उघड खोटेपणा आहे, कुणी केला ते सांगा. मुदीरनं सदाला सांगितलं होतं, शनिवारी सकाळी ज्यानं लिहिलंय त्याला घेऊन ये. नाहीतर तुझा व्हिसा कॅन्सल.

"कॅन्सल म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी कोल्हापुरात, ह्या दोघी इथं," सदा म्हणाला. "पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आहे, आक्का."

मंगलनं पिंकीला जवळ ओढलं. होडकं पलीकडं लागलं तरी आम्ही उतरलो नाही, होडीवाल्यानं ओरडून उतरवलं.

दोन दिवस

भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. घरी लिफ्टचा आवाज आला की मी न्हाणीघरात जायची. पोलीस आले असं वाटायचं. सदा म्हणाला, "आक्का, तू उद्याच्या विमानानं जा. मी लिहिलं म्हणून सांगतो."

खरं सांगते, मला जावंसं वाटलं. बॅग काढून पलंगावर ठेवलीसुद्धा. मग आठवलं, सदाचं अक्षर! मीच त्याला शिकवलेलं, सात वर्षांत एक ओळ सरळ लिहिली असेल तर शपथ. मुदीरनं दोन शब्द लिहायला लावले की खेळ खलास. मग मला लिहायला लावलं तर अक्षर जुळू नये म्हणून मी वेगळंच आरंभलं. पिंकीची वही घेतली आणि डाव्या हातानं लिहून बघितलं. उजव्या हातानं वेडंवाकडं लिहून बघितलं. सव्वीस वर्षं पोरांची अक्षरं सुधारणारी बाई दार लावून स्वतःचं बिघडवत बसली होती. चौथ्या ओळीला हात आपोआप वळणावर येई. पानं फाडली, तुकडे केले, पाण्यात भिजवून टाकले.

शुक्रवारी मॅचला जायचं नव्हतं. पण गेलो नाही तर संशय येईल, असं सदा म्हणाला. मी डोळे खाली घालून छपराखाली बसले. मॅच संपली, याबानी नेहमीसारखा उन्हाकडं जाऊन वाकला. बाहेर पडताना कुंपणापलीकडून भिकूनं मला ओळखलं.

"बाई! ओ बाई! मतं पोचली का आमची?"

आजूबाजूला क्लबाची माणसं होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि भराभरा चालत सुटले. तो मागून पुन्हा ओरडला. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मुदीरची खोली

मुदीर सुदानी, वयस्कर, जाड भिंगांच्या चष्म्याचा, आमच्याशी मोडकी हिंदी बोलणारा. टेबलावर रबर लावलेला कुपनांचा गठ्ठा. एसी एवढा की माझे दात वाजत होते, की ते भीतीनं, देव जाणे.

"किसने लिखा?"

सदानं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी मी म्हणाले, "मैंने."

त्यानं कागद पुढं सरकवला. मी लिहिलं. त्यानं कुपनाशेजारी कागद धरून बघितलं आणि मान हलवली. "बहुत अच्छा राइटिंग, मदाम. लेकिन ये आदमी लोग किधर है? सब झूठा नाम."

हे मात्र मला सोसेना. भीतीनं बोबडी वळलेली, तरी राग आला. "झूठा? एक भी झूठा नहीं. पूछिए!"

त्यानं गठ्ठ्यातून एक ओढलं आणि नाव वाचलं. मी सांगितलं, सुतार आहे, राजापूरचा, अंगठा अर्धा. दुसरं ओढलं. वेल्डर, दापोलीचा, मुलगी पहिलीत. तिसरं. कराडचा, रंगारी, खोकला आहे. सात-आठ नावं झाली. सदा माझ्याकडं बघतच राहिला होता. मुदीरनं चष्मा काढला.

"अच्छा, मदाम. सच है तो बहुत आसान." त्यानं फोन जवळ ओढला. "ये पोस्ट बॉक्स कंपनी का है. मैं कंपनी को फोन करता है. सब नाम पढ़ेगा. वो बोलेगा हमारा आदमी है, खलास."

कंपनीला नावं! कंपनीचा पोस्ट बॉक्स न विचारता वापरला, पेपरात मतं पाठवली, एवढ्यावर कंपनी कुणालाही माघारी धाडेल. एकशे अठरा माणसं, एकेकाच्या मागं गावाकडं घर. "तेवढंच नको वाटतं, नाव," असं भिकू म्हणाला होता आणि मी त्याला दटावून लिहून घेतलं होतं. मुदीर आकडे फिरवायला लागला.

"मत कीजिए!" मी ओरडले. "झूठ है. सब झूठ है. मैंने घर में बैठके बनाया. भाई को कुछ मालूम नहीं."

तो थांबला. "अभी तुम सबका गाँव बोला, मदाम."

"वो भी बनाया."

रिसीव्हर त्याच्या हातात तसाच होता. तो माझ्याकडं बघत राहिला, मी टेबलाकडं. मग त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. "लिख के दो," म्हणाला. मी लिहून दिलं, ही सगळी नावं खोटी आहेत, मी एकटीनं बनवली. जन्मात इतकं सुबक खोटं लिहिलं नव्हतं. खाली सही केली तेव्हाही अक्षर हललं नाही.

"मंगलवार को तुम जाएगा. ये इधर रहेगा. याबानी फिर दस नंबर." त्यानं गठ्ठा कचऱ्याच्या डब्याकडं ढकलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो उचलून सदाच्या हातात दिला. "कपड़ा के साथ ले जाओ."

रविवार

रविवारी संध्याकाळी बेल वाजली आणि मी न्हाणीघरात. पण याबानी होता. सदानं त्याला सगळं सांगितलं होतं, हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत. तो बूट काढून आत आला, ओळीत लावून ठेवले आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. हातात तो गठ्ठा होता.

"प्लीज," म्हणाला. "नेम. यू रीड."

मी दार बंद करायला लावलं. खिडक्याही. मग हळू आवाजात वाचायला लागले. एकेक नाव ऐकून तो ते स्वतःशी म्हणायचा, चुकला तर मला पुन्हा म्हणायला लावायचा आणि कुपनाच्या कडेला आपल्या लिपीत लिहून घ्यायचा. भिकूचं नाव त्याला दोनदा वाचून दाखवलं. दर नावाला तो मान खाली वाकवायचा. पिंकी झोपून गेली तरी आमचं चाललंच होतं. मला रडू आवरेना. जी नावं खोटी आहेत असं मी सही करून दिलं होतं, ती हा माणूस एकेक करून खरी करत होता. जाताना त्यानं गठ्ठा शर्टाच्या आत ठेवला.

परतीचा दिवस

विमानतळावर काय झालं ते आधीच सांगून टाकते: काही झालं नाही. मला वाटत होतं संगणकात माझं नाव लागलेलं असणार. शिक्का मारणाऱ्या पोरानं वरसुद्धा बघितलं नाही. तरी विमान वर जाईपर्यंत मी रामरक्षा म्हणत होते.

पण त्याआधी मी सदाला गाडी भिकूच्या कामाच्या जागेवरून घ्यायला लावली. तो नको नको म्हणत होता, मलाही भीती वाटतच होती. दुपारच्या सुट्टीत शेडच्या सावलीला माणसं डबे खात बसली होती. भिकू मला बघून उठला, हात पाटलोणीला पुसत आला. मी इकडं तिकडं बघितलं आणि पटकन सांगून टाकलं. तुमची मतं रद्द झाली. मीच लिहून दिलं की तुम्ही कुणी नाहीच. तो दहावाच राहिला, या महिन्यात जाणार. आणि शुक्रवारी हाक मारलीत तेव्हा मला ऐकू आलं होतं.

भिकूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "कंपनीला कळली काय नावं?"

"नाही. एकही नाही."

त्यानं श्वास सोडला. मागं वळून डबे खाणाऱ्यांकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं.

"आणि त्याला?"

"त्याला सगळी वाचून दाखवली. त्यानं लिहून घेतलीत. तुमचं दोनदा."

भिकूनं अर्ध्या अंगठ्यानं नाकाचा घाम पुसला.

"मग पोचली की, बाई," तो म्हणाला आणि डबा संपवायला परत गेला.